आत्याच्या कुरड्या आणि आबांच्या इंजिनाचा धूर

आमच्या घराण्यात मला ‘धूर धरणारा’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, तेवढा मान आता वयामुळे मिळतो. पण लग्नकार्यात पंगत उठली, पानाचं तबक फिरू लागलं, की कुणीतरी एखाद्या नव्या जावयाला बाजूला घेतं, माझ्याकडे बोट दाखवतं आणि गोष्ट सुरू होते. दर वेळी तीत मी आदल्या खेपेपेक्षा थोडा जास्त वेडा झालेला असतो. मागच्या लग्नात माझ्या पुतण्यानं सांगितलं की काकांनी धूर पोत्यात भरायला घेतला होता. पोत्यात नव्हे, पिंपात. निदान तेवढी दुरुस्ती व्हावी म्हणून आता मीच लिहायला बसलो आहे.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तारेवरची वीज भोरात होती, हायवेच्या गावांना होती. आमच्या मार्गासनीच्या वाटेवर ती खांबांच्या रूपानं रस्त्याकडेला आडवी पडून होती आणि त्या खांबांवर शेळ्या चढत. पण आमच्या घरात दिवा लागायचा. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भाताची गिरणी होती आणि तिला एक ऑइल इंजिन होतं. दिवसा त्याच्या पट्ट्यावर भात सडायचा हलर फिरायचा. दिवेलागणीला आबा तोच पट्टा डायनामोवर चढवायचे, आणि आमच्या ओसरीवर, गिरणीत आणि शेजारी आत्याच्या सोप्यात पिवळे गोळे लुकलुकू लागायचे. त्या उजेडात वाचता येत नसे, पण तो उजेड बघायला माणसं येत. मी तेव्हा भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. वर्गात मी या सगळ्या कारभाराला ‘आमचं वीजघर’ म्हणायचो. तेल जाळायचं, चाक फिरवायचं, धूर सोडून द्यायचा. मोठ्या वीजघरांत तरी याहून निराळं काय होतं? फक्त तिथे शेजारी आत्या नसते.

आत्या ही आबांची थोरली बहीण. तिचं सासर आमच्याच गावात, आमच्याच भिंतीला लागून. तिच्या लग्नाची वरात म्हणे गावाला अख्खा वळसा घालून शेजारच्या दारात उतरली. सासरी जाताना ती रडली नाही, कारण रडून झाल्यावर भाकरी आमच्याच चुलीवरची खायची होती. आबा तिला आक्का म्हणायचे आणि घाबरायचे. तिच्या समोर तंबाखू मळायचे नाहीत. फक्त एका बाबतीत ते तिचं ऐकत नसत, ते म्हणजे इंजिन.

इंजिन बंद करायचं नाही, हा आबांचा धर्म होता. त्याला कारणही होतं. सकाळी ते सुरू करणं म्हणजे झोपलेल्या रेड्याला उठवणं. आबा आणि आणखी एक गडी दोघं मिळून हँडल मारायचे. इंजिन दोन उचक्या द्यायचं, थुंकायचं, गप्प व्हायचं. मग आबा त्याच्याशी बोलायचे, शिव्याही द्यायचे. केव्हातरी ते एकदाचं धडधडायला लागलं, की संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जेवायला आबा घरात येत, इंजिन चालूच. गावात मयत झाली तरी आबा खांद्याला जाऊन येत, इंजिन चालूच. मी बी.एस्सी. पास झालो ती बातमी मी त्यांना इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितली. त्यांना ती दुसऱ्या दिवशी आईकडून कळली.

आणि त्याचा धूर आत्याच्या अंगणात जायचा. त्यात कुणाचा डाव नव्हता. उन्हाळ्यात वारा घाटाकडून सुटतो, आणि आमच्या गिरणीवरून आला की पुढं आत्याचं अंगण. नळी दुसऱ्या अंगाला फिरवावी तर तिकडे देऊळ. आबांनी एकदा ती उंच करून पाहिली. तेव्हा जी काजळी पूर्वी धप्पकन पडायची ती आता जरा विचार करून, सगळीकडे सारखी पडू लागली.

एरवी आत्या हे सोसायची. पण त्या वर्षी तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ कामथडीचं, हायवेवरचं. माणसं चांगली, पण हायवेवर राहिल्यामुळे आमच्याकडे बघताना त्यांची मान जरा वर असायची. पोरगी बघायला आली तेव्हा मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हातात घेऊन सहज विचारलं होतं, “तुमच्याकडं डोंगराला कुरड्या-बिरड्या करत्यात का वं, का समदं नाचणीचंच?” आत्या हसून म्हणाली, “करत्यात की.” पण ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं. रुखवतात कुरड्या मांडायच्या तर अशा, की कामथडीनं डोळे झाकून घ्यावेत. कागदासारख्या पांढऱ्या.

आणि मागच्या वर्षीच्या तिच्या कुरड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तळल्या की छान फुलायच्या, पण फुललेल्या कुरडईवर मुंग्यांची रांग चढल्यासारखी दिसायची. एका पाहुण्यानं ती झटकूनही पाहिली होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोलणं बंद होतं. म्हणजे बोलणं भरपूर होतं, पण ते माझ्यामार्फत.

“तुज्या बापाला सांग,” आत्या भिंतीवरून मला म्हणाली. आबा माझ्या शेजारीच उभे होते. “मला कुरड्या घालायच्यात. त्या वाळूस्तवर इंजन बंद ठिव म्हनावं.”

“तुज्या आत्याला सांग,” आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “पावसाच्या आदी समद्या डोंगराचं भात सडायचंय. वरल्या पासली गावच्या गाड्या दारात हुब्या हायत. त्यास्नी काय सांगू? आमच्या आक्काच्या कुरड्या वाळत्यात, तवर तुमी वारा खावा?”

“पयलं काय वारा खात व्हती व्हय लोकं? उखळात कांडत व्हती की.”

“मग लगनाचा तांदूळ बी उखळातच कांड म्हनावं. पंगतीला अख्खी कामथडी येनार हाय.”

“आरं, तुज्या बापाला सांग, येक उन्हाळा इंजन गप ऱ्हायलं तर त्याला काय गंज चढनार हाय का?”

“आबा, आत्या म्हणते...” मी सुरुवात केली.

“मला ऐकू आलं. म्या बहिरा न्हाई.”

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “एवढं शिकलाय आपला पोरगा. त्याला इचारा की. धुराचं काहीतरी आसंलच त्याच्या पुस्तकात.”

झालं. आईनं हे मला वाचवायला म्हटलं होतं, पण त्या क्षणी भिंतीच्या दोन्ही बाजूंची तोंडं माझ्याकडे वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आबा आणि आत्या एका गोष्टीवर एकमत झालेले मी पाहिले. मीही छाती काढून म्हणालो, “आहे की.”

खरं सांगायचं तर पुस्तकात होतं ते एवढंच. चुन्याची निवळी घ्यायची, तीत नळीनं फुंकर घालायची, निवळी दुधाळ होते. म्हणजे आपल्या श्वासातला कर्बद्विप्राणिद, आताचा कार्बन डायऑक्साइड, तीत धरला गेला. दर वर्षी मी हा प्रयोग वर्गात करायचो. माझ्या हातून कधीही न फसलेला तो एकमेव प्रयोग. बाकीच्या प्रयोगांत काचेचं काहीतरी फुटायचं. आता विचार केला, माणसाच्या श्वासात जो वायू, तोच इंजिनाच्या धुरात, फक्त ढीगभर. मग फुंकर इंजिनानं घालायची आणि परीक्षानळीच्या जागी पिंप. साधं गणित.

नसरापूरच्या बाजारातून मी चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणली. एस.टी.त ती माझ्या मांडीवर होती आणि कंडक्टरनं विचारलं, “घर बांधताय का गुरुजी?” मी म्हणालो, “नाही, धूर धरायचाय.” त्यानं तिकीट दिलं आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनं आरशातून मला पाहून घेतलं.

गिरणीच्या मागे लोखंडी पिंप ठेवलं. चुनकळी पाण्यात टाकली तशी ती फसफसायला लागली, पाणी उकळलं, आणि तेवढ्यावरच पासलीच्या गाडीवानांचा माझ्यावर विश्वास बसला. लोहारानं इंजिनाची धुराची नळी वाकवून पिंपात तळापर्यंत सोडली. वरती पत्र्याचं झाकण आणि उरलासुरला धूर जायला झाकणात एक बोळकं, म्हणजे छोटं भोक. आबा सगळं बघत होते. एकदाच म्हणाले, “इंजनाच्या नाकात पानी जायचं न्हाई ना?”

“आबा, धूर बाहेर येतोय. पाणी उलटं कसं जाईल?”

“तुमी शिकल्याली मानसं,” आबा म्हणाले. ते मला तुम्ही म्हणाले की मला घाम फुटायचा.

इंजिन सुरू झालं. पिंपाच्या पोटातून असा गडगडाट उठला की देवळातली कबुतरं उडाली. पिंप थरथरत होतं, झाकण टाळ वाजवत होतं. तासाभरानं मी झाकण किलकिलं करून वाटीभर पाणी काढलं. तळाशी बसलेला चुना आधीच काढून टाकून पिंपात नुसती स्वच्छ निवळी ठेवली होती, ती आता चक्क दुधासारखी झाली होती. मी वाटी उंच धरली.

“हा बघा! धरला! कर्बद्विप्राणिद धरला!”

माणसं पुढं सरकली. वाटी हातोहात फिरली. एकानं वास घेतला. पासलीचा एक म्हातारा गाडीवान, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, वाटीत बराच वेळ बघत राहिला.

“ह्यात हाय त्यो?”

“यातच आहे.”

“दिसत न्हाई.”

“दिसायचा नाहीच. तो पाण्यात बसला.”

“बरं, बसला. मग आता त्याला ठिवनार कुठं?”

“म्हणजे?”

“न्हाई, रोज धरनार म्हनता. रोज येक पिंप भरनार. आज हितं ठिवाल, उद्या तितं ठिवाल. पावसाळ्यापतुर तुमचं अंगान भरंल. मग काय गावात वाटनार?”

आता पेपरात कधी कधी वाचतो, मोठ्या देशांतले मोठे लोक चिमणीतून निघणारा हा वायू धरून कुठं ठेवायचा याची चर्चा करतात, तेव्हा मला तो टॉवेल गुंडाळलेला माणूस आठवतो. त्याला एखादं पत्र पाठवायला हवं होतं त्यांनी. मी मात्र तेव्हा म्हणालो, “ते पुढचं पुढं.”

इतक्यात आत्या आली. तिनं सगळे गहू भिजवायच्या आधी मूठभर गव्हाचा चीक काढून एक चाचणी घेतली होती. एका पितळी ताटात पांढरं फडकं, फडक्यावर एकच ओली कुरडई. ते ताट ती तासभर अंगणात ठेवून आली होती. तिनं ते ताट माझ्या दुधाळ वाटीशेजारी आणून धरलं. फडक्यावर काळे ठिपके, कुरडईवर काळे ठिपके.

“तुजं पानी पांढरं झालं,” आत्या म्हणाली, “आन माजी कुरडई काळी.”

मी वाटीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग हळूहळू उजेड पडला. ज्याला रंग नाही, वास नाही, ज्याची गावात एकाही माणसानं तक्रार केली नव्हती, तो वायू मी धरला होता. आणि जिच्यापायी भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं होतं, ती काजळी माझ्या डोळ्यांदेखत बोळक्यातून बाहेर पडत होती. पाण्यातून बुडबुडे येत होते ते वांग्याएवढाले. काजळी त्यांच्या पोटात बसून, अंगाला पाणी न लागू देता, होडीतून उतारू यावेत तशी वर येत होती आणि वारा तिला आत्याच्या दारी पोचवत होता.

“गुरुजी, धरलाय तर खरं,” आबा म्हणाले, “पन भलत्यालाच धरलाय.”

त्या रात्री मी जेवलो नाही, असं घरचे सांगतात. जेवलो. पण थोडं कमी. आणि जेवताना आईच्या हातातल्या सोजीच्या चाळणीकडे बघत बसलो. वांग्याएवढा बुडबुडा नको, मोहरीएवढा हवा. म्हणजे प्रत्येक बुडबुड्यातल्या काजळीला पाण्याशी गाठ घ्यावीच लागेल.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून नळीच्या पिंपातल्या टोकाला बारीक बारीक भोकं पाडून घेतली आणि शेवट बंद केला. शिवाय पिंपात पाण्याच्या वर एक जाळी, जाळीवर गोणपाट, गोणपाटावर भाताचं तूस चांगलं ओलं करून दाबून बसवलं. गिरणीत तुसाला काय तोटा. म्हणजे पाण्यातून निसटली ती काजळी तुसात अडकावी. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, माझ्या डोक्यातून निघालं होतं. आबांनी नुसतं डोकं खाजवलं.

आणि मंडळी, काय सांगू, ते चाललं! गडगडाट जाऊन नुसती खदखद येऊ लागली, चुलीवर वरण शिजावं तशी. बोळक्यातून पांढुरकी वाफ येत होती, आणि आत्याच्या ताटातली नवी कुरडई संध्याकाळपर्यंत होती तशी पांढरी. आत्यानं ती उलटीपालटी केली, उजेडात धरली, बोटानं पुसली, बोट पाहिलं. मग मला म्हणाली, “तुज्या बापाला सांग, पोरगं वाया गेलं न्हाई.”

“तुज्या आत्याला सांग,” आबा म्हणाले, “त्ये अजून ठरायचंय.”

तीन दिवस गहू भिजले. रोज पाणी बदललं. मग पाट्यावर वाटणं, पिळणं, चीक निवळायला ठेवणं. पोरींनी वाटीवाटीनं चीक साखर घालून खाल्ला, मीही खाल्ला, शास्त्रज्ञ म्हणून जरा जास्तच. ठरलेल्या दिवशी पहाटेपासून आत्याच्या अंगणात चीक शिजला. गल्लीतल्या बायका सोऱ्या घेऊन आल्या. खाटांवर धोतरं पसरली आणि त्यांवर कुरड्यांच्या रांगा पडत गेल्या. ऊन वर आलं तेव्हा अंगणात बघवत नव्हतं, इतकं पांढरं होतं. आणि भिंतीच्या अलीकडे इंजिन चालू, हलर चालू, पिंप खदखदतंय. आत्या भिंतीजवळ बसून एक डोळा कुरड्यांवर आणि एक बोळक्यावर ठेवून होती. मी पिंपाजवळ हातांची घडी घालून उभा. तसा उभा राहिलेला माझा एक फोटो हवा होता, असं मला फार वाटतं. तोच एक क्षण होता.

दुपारच्या सुमाराला इंजिनाचा सूर बदलला. धाप लागल्यासारखा. मला त्याचं कारण माहीत होतं आणि नव्हतं. ओलं तूस काजळी खाऊन खाऊन चिखलासारखं घट्ट झालं होतं. धुराला वर जायला वाट उरली नव्हती. आपण नाक-तोंड दाबून धरलं तर आपण काय करू? इंजिनानं तेच केलं. दोन आचके दिले, उलटा झोका घेतला आणि थांबलं.

एकदम अशी शांतता पसरली की शेजारच्या अंगणात सोऱ्या करकरल्याचा आवाज आला. गिरणीतली माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. आबा गिरणीतून बाहेर आले. आणि त्या शांततेत पिंपातून आवाज आला. घट. घट. घट. उन्हातून आलेला बैल हौदावर पाणी पितो तसा.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दर वर्षी मी पोरांना बजावून सांगायचो, तापलेल्या भांड्यातली नळी पाण्यात बुडवलेली असेल तर दिवा विझवायच्या आधी नळी पाण्यातून काढा. नाहीतर भांडं थंड होताना आतली हवा आकसते आणि पाणी नळीतून उलटं वर चढतं. हे मी पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचो. इथेही मी ते मनात म्हटलं. अगदी शब्दन् शब्द बरोबर. पण हात घडीतून सुटेपर्यंत इंजिनानं पोटभर चुनाळ पाणी पिऊन घेतलं होतं.

“नाकात पानी गेलं,” आबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हँडल मारून पाहिलं. चाक हलेना. पासलीचे दोन गडी लागले, तरी हलेना. शेवटी भोरहून फिटर आणायला माणूस धाडला. फिटर दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं आला, ओसरीवर चहा घेतला, मग नटबोल्ट काढून इंजिनाचं डोकं उघडलं. आत वाकून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

“दिवाळीला घर पांढरं करत्यात ते ठावं हाय,” तो आतूनच म्हणाला. “इंजन कुनाचं पांढरं केल्यालं पयल्यांदा बघतोय. आतनं दोन हात दिल्यात जनू.”

माणसं खो खो हसली. आबा हसले नाहीत, पण त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला, त्यामुळे काही सांगता येत नाही.

सामान काढून भोरला न्यायचं, काही पुण्याहून आणायचं, साफ करून परत बसवायचं. लग्न होईपर्यंत काही इंजिन सुरू होत नाही, एवढं फिटरनं जाताना सांगितलं. पासलीच्या गाड्यांनी भात पुन्हा भरलं. तो टॉवेलवाला म्हातारा गाडी जुंपताना माझ्याजवळ येऊन थांबला.

“गुरुजी, येक सांगू? आता मातर धूर पुरता बंद झाला बगा. आजाबात न्हाई. तुमी म्हनला व्हता त्येच केलं तुमी.”

आणि ते खरंच होतं. भिंतीपलीकडे खाटांवर कुरड्या वाळत होत्या. ना काजळी, ना वास. वारा घाटाकडून यायचा, कुरड्यांवरून जायचा आणि एक ठिपकाही मागे ठेवायचा नाही. त्या वाळल्या त्या अशा की हातात घेतल्यावर काचेसारख्या वाजायच्या.

पण आता लग्नाचा तांदूळ नव्हता. भात होतं कणग्या भरून. सालीतल्या भातानं पंगत उठत नाही. हा विचार आत्याच्या डोक्यात येईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर कुरड्यांचं तेज होतं. आला, तशी ती भिंतीशी आली. नेहमीच्या जागी मी उभाच होतो, निरोप पोचवायला. तिनं मला हातानं बाजूला केलं.

“आरं ए,” ती थेट आबांना म्हणाली, “आता रं काय करायचं?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी मध्ये कुणी न घालता बोलत होती.

“काय करायचं म्हंजी? उखळं काढ आक्का.”

आत्याच्या घरचं उखळ, आमच्या घरचं, शेजारपाजारची. सोप्यात, ओसरीवर, जिथं जागा मिळेल तिथं कांडण सुरू झालं. बायका जोडीजोडीनं मुसळं मारत होत्या. आबांनी पंचा कमरेला गुंडाळला आणि ते आत्याच्या समोर उभे राहिले. एक मुसळ त्यांचं, एक तिचं. लहानपणी दोघं असंच कांडायची म्हणे.

“हळू मार रं, कणी व्हती.”

“तुजंच मुसळ वाकडं पडतंय आक्का.”

“माजं? ह्या वयात बी माजं मुसळ तुज्या इंजनापरीस सरळ चालतंय.”

“माज्या इंजनाचं नाव काढू नगंस. मेल्यालं हाय त्ये.”

“मेल्यालं न्हाई. पानी प्यालंय. उतरंल.”

मलाही मुसळ मिळालं. माझ्या समोर आई होती. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले. आईनं पाहिलं आणि म्हणाली, “तू ऱ्हाऊ दे. तू तूस पाखड.” तूस पाखडताना ते सगळं माझ्या तोंडावर आलं, कारण वाऱ्याची दिशा मी लक्षात घेतली नव्हती. आत्यानं ते पाहिलं. तिनं माझा खांदा धरून मला वळवलं आणि पुन्हा मुसळाकडे गेली.

लग्न संध्याकाळचं होतं. विजेचे गोळे लावायचं आबांनी वर्षभर गावाला सांगितलं होतं, त्या जागी आता भाड्याच्या गॅसबत्त्या आल्या होत्या. मांडवात रुखवत मांडलं. मधोमध एका मोठ्या परातीत कुरड्यांची चळत, भोवती पापड, सांडगे, लाडू. आत्या रुखवताजवळच घुटमळत होती. कामथडीची मंडळी टेम्पोतून उतरली. मुलाची आई मांडवात आली, तिनं रुखवतावरून नजर फिरवली, सांडग्यांकडे बघून काहीतरी चांगलं म्हणाली, आणि पुढे गेली.

मग पंगत बसली. भात वाढला. गिरणीतला पांढराफेक तांदूळ खाणारी माणसं ती. हा तांबूस, जाडसर, वास येणारा. पहिला घास घेतला तसा कामथडीचा एक म्हातारा थांबला.

“ह्यो हातसडीचा की वं!”

“व्हय,” आबा वाढता वाढता म्हणाले, मान जरा वर करून. “आमी लगनाला हातसडीचाच करतो.”

“आवो, किती दिसांनी! आमच्या आजीच्या हातचा असायचा. आण बाबा, आनखी आण.”

आणि ती अख्खी पंगत भातावर तुटून पडली. मुलाच्या आईनं दोनदा मागून घेतला. निघताना तिनं आबांना हात जोडून सांगितलं, “भात लई ग्वाड व्हता बगा.” आबांनी तो मान असा स्वीकारला, की जणू आयुष्यभर त्यांनी गिरणीच्या विरोधातच काम केलं होतं.

रात्री पाहुणे गेल्यावर आत्या ओसरीवर बसली. पायातली जोडवी चोळत म्हणाली, “येकानं म्हनलं न्हाई. येकानं सुदिक. कुरड्या पांढऱ्या हायत म्हनून.”

आबा म्हणाले, “दिसल्या असतील आक्का. गॅसबत्तीत समदंच पांढरं दिसतं.”

हे समजूत काढायला म्हटलेलं होतं, पण आत्याला ते इतकं लागलं की ती पुन्हा दोन दिवस भिंतीशी आली नाही.

इंजिन पावसाळ्याच्या तोंडाला परत आलं. धुराची नळी लोहारानं पूर्वीसारखी करून दिली. पिंप आईनं गुरांच्या पाण्याला घेतलं. मला शाळा सुरू होईपर्यंत गिरणीत यायला बंदी होती, ती उठल्यावर आखाडात मी रविवारचा घरी आलो होतो आणि गिरणीच्या दारात उभा होतो, तेव्हाची ही गोष्ट. आत्याची पोरगी लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. आबा हलरवर होते, इंजिन धडधडत होतं, दारात पासलीची पोती पडलेली. आत्या भर पावसात इरलं डोक्यावर घेऊन धावत आली आणि दारातूनच ओरडायला लागली. तोंड हलताना दिसत होतं. आवाज इंजिनानं खाल्ला होता.

“काय?” आबा ओरडले.

आत्या पुन्हा ओरडली. हातानं काहीतरी गोल, काहीतरी मोठं दाखवलं.

“काय म्हनतीस? कोन आजारी हाय?”

“आरं न्हाई रं! सासू! तिची सासू!”

“सासूला काय झालं?”

मी मध्ये पडून सांगू पाहिलं. कारण पोरीनं मला घरी सगळं सांगितलं होतं. सासूनं त्या कुरड्या एकदाही तळल्या नव्हत्या. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवल्या होत्या. कोणी पाहुणं आलं की डबा उघडायची, एक कुरडई हातावर घेऊन उजेडात धरायची आणि म्हणायची, आमच्या सुनंच्या माहेरच्या हायत, डोंगराकडच्या. बगा, हाय का कुटं डाग. पण मला कुणी बोलू देईना.

आबांनी आत्याकडे पाहिलं. तिच्या इरल्यावरून पाणी गळत होतं, दम लागला होता, आणि तोंड पुन्हा ओरडण्यासाठी उघडलेलं होतं. दारात माणसं भाताच्या पोत्यांशी नंबर लावून बसलेली होती. दिवस मधोमध होता. आबा इंजिनाजवळ गेले आणि त्यांनी ते बंद केलं.

चाक हळू होत होत थांबलं. पाऊस ऐकू यायला लागला.

“हां. आता सांग आक्का,” आबा म्हणाले. “काय म्हनाली ती? पयल्यापासनं सांग.”

आत्यानं इरलं उतरवून दाराला टेकवलं, पासलीच्या एका पोत्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.